वॉलमन फुलचंदची हजेरी

हे वाचून कोणी हसलं तरी चालेल. मला आता फरक पडत नाही.

पण यातला एक शब्दही मी रचलेला नाही. त्या हॉलमध्ये तेव्हा चौदा नगरसेवक होते, मुख्याधिकारी साहेब होते, शिपाई किसनराव होते आणि मी होते. त्यातला एकही जण आज तोंड उघडत नाही.

म्हणून मी लिहितेय.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. २५ मे २०२३, गुरुवार. दुपारचे पावणेबारा.

जिल्हा यवतमाळ. गावाचं नाव लिहीत नाही. कळंबपासून फार लांब नाही एवढंच समजा. दगडी वेस, पडका बुरूज आणि गोंडराजाच्या काळातली म्हणतात ती मोठी बारव. ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली. पाटी बदलली, बाकी सगळं तेच राहिलं.

मी दिपाली. तिथे पाणीपुरवठ्याची लिपिक होते.

आमच्या गावाला पाणी त्या बारवेचंच. पंपानं टाकीत चढवायचं, मग वॉर्डावॉर्डात सोडायचं. तीन दिवसांतून एकदा. ते सोडणारा वॉलमन म्हणजे फुलचंद राठोड. तांड्यावरचा. वय पन्नाशीचं. अकरा वर्षं रोजंदारीवर.

त्याच्याकडे वॉल, म्हणजे पाइपवरचा व्हॉल्व्ह, फिरवायची एक लांब लोखंडी चावी होती. कंबरेएवढी. ती तो खांद्यावर घ्यायचा नाही, ओढत न्यायचा. सकाळी सहाला रस्त्यावर आवाज यायचा…

खर्र… खर्र… टण.

तो ऐकला की बाया पाण्याचे गुंड, बकेट्या घेऊन बाहेर. त्याला हाक मारावी लागायची नाही.

मे महिन्यात बारवेचं पाणी खाली जातं. दगडी पायऱ्या संपतात आणि खाली फक्त विहिरीचा गोल उरतो. तिथे उतरायला लोखंडी शिडी होती. सडलेली. पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूटवॉलमध्ये गाळ अडकला की फुलचंद त्या शिडीनं उतरायचा.

त्यानं दोन अर्ज दिले होते. एक फेब्रुवारीत, एक एप्रिलमध्ये. दोन्ही मीच लिहिले.

"ताई, तुम्हीच लिवा. मले नुसती सही येते. लिवा का शिडी हालून राह्यली. उतरतानी जीव घाबरते."

दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक टाकून मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. तिथेच ते पडून राहिले.

तीन मे, बुधवार. फुलचंदनं सकाळी पावणेसहाला ऑफिसात सही केली. किसनरावांनी त्याला पाहिलं. त्या दिवशी वॉर्ड चारला पाणीच आलं नाही. वाट बघून बघून बाया बारवेवर गेल्या.

शिडी मधून तुटली होती.

तो खाली होता.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बोलत होते ते घनश्यामभाऊ. घनश्यामभाऊ म्हणजे नगराध्यक्षाबाईंचे नवरे. कागदोपत्री कोणीच नाहीत. पण खुर्ची त्यांचीच.

"हजेरीले सही हाये त्याची?"

"हो."

"मे महिन्याचं रजिस्टर नवीन कर. तीनच दिवस तर झाले. तीन तारखेले गैरहजर लिव."

"भाऊ, तो कामावरच होता. किसनरावांनी…"

"किसनराव काही बोलत नाई. तो दारू पिऊन सोताच्या मनानं उतरला, असा रिपोर्ट जाऊन राह्यला. आन् त्याचे अर्ज आण इकडं."

मी अर्ज आणले. त्यांनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. माझ्यासमोर. जुनं रजिस्टरही त्यांनीच नेलं.

फुलचंदच्या गळ्यात माळ होती. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. हे त्या केबिनमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि मी काय केलं?

मी लिहिलं. बॉलपेननं, निळ्या शाईत, बारीक अक्षरात. गैरहजर. पुढचे रकाने कोरे ठेवले.

घरी जाऊन जेवलेसुद्धा. मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

आठ दिवसांनी लालीबाई येऊ लागली. फुलचंदची बायको. रोज अकराला यायची, पायऱ्यांवर बसायची, पाचला उठायची. कोणी विचारलं की एकच बोलायची.

"मले दुसरं काही नको. एवढं लिवून द्या, का माहा माणूस कामावर मेला. बेवडा म्हणून नाई."

मी मागच्या दारानं जाऊ लागले.

फुलचंदच्या जागी शामला घेतलं होतं. तांड्यावरचाच. एका सकाळी तो माझ्या टेबलाजवळ आला. चेहरा पांढरा पडलेला.

"मॅडम, वॉर्ड चारचा वॉल कोणी खोलला?"

"तूच खोलला असशील ना."

"मी पोहोचलो तर खोललेलाच होता. पाणी सुरू होतं. मागच्या खेपेलेबी. त्याच्या आधीबी. मले वाटलं कोणी मस्करी करून राह्यलं. म्हणून आज साडेचारलाच गेलतो. वॉलपाशी बसून राह्यलो."

"मग?"

"माह्या डोळ्यांपुढं फिरला, मॅडम. हळूहळू. अठरा आटे. कोणीच नव्हतं…"

फुलचंदची चावी तेव्हा पोलीस ठाण्यात जप्त होती. शामला नवीन चावी दिली होती. ती त्याच्या हातातच होती.

दोन दिवसांनी शाम ऑफिसात कोणाला न सांगता कामावर यायचा थांबला. त्यानंतर वॉल फिरवायला कोणीच नव्हतं. तरी प्रत्येक वॉर्डाला आपापल्या दिवशी पाणी येत राहिलं. वॉर्ड चारला नेहमीसारखं. सहाच्या ठोक्याला.

बायांना वाटलं, नवीन माणूस लावला असेल. ऑफिसला वाटलं, शामच जात असेल. विचारलं कोणीच नाही. पाणी येतंय ना, मग झालं.

मग पंचवीस मे उजाडला. सर्वसाधारण सभा.

सभा वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. सुरुवातीला श्रद्धांजलीचा ठराव झाला. कोणाला? एका ठेकेदाराच्या वडिलांना. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. फुलचंदचं नाव कोणी घेतलं नाही. तीच माणसं, ज्यांच्या घरी तो अकरा वर्षं पाणी सोडत होता.

विषय क्रमांक सात. बारव परिसर सुशोभीकरण. लायटिंग, बाकडी, सेल्फी पॉइंट.

ज्या विहिरीत माणूस मरून बावीस दिवस झाले, तिथे सेल्फी पॉइंट. टाळ्या वाजल्या.

तेव्हा संघदीप उठला. वॉर्ड चारचा नगरसेवक, विरोधी बाकावरचा एकटा पोरगा.

"आधी हे सांगा, फुलचंद राठोड त्या दिवशी ड्युटीवर होता का नव्हता? हजेरी टेबलावर ठेवा."

"ठेवा ना." घनश्यामभाऊ हसले. त्यांना त्या हॉलमध्ये बसायचा अधिकार नव्हता. तरी बायकोच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "दिपाली, दाखव त्याले."

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. सकाळी दहाला मी ते उघडून पाहिलं होतं. गैरहजर. जसं लिहिलं तसं.

मी उठले.

आणि…

खर्र…

बाहेरून. रस्त्यावरून.

खर्र… खर्र… टण.

पंखे चालू होते, तरी स्पष्ट ऐकू आलं. खिडकीजवळच्या एका नगरसेविकेनं खाली वाकून पाहिलं. समोरच्या गल्लीतल्या बाया गुंड घेऊन दाराबाहेर आल्या होत्या. भर दुपारी. पाण्याचा दिवस नसताना. त्यांनाही ऐकू आलं होतं.

रस्ता रिकामा होता.

खाली ऑफिसच्या बेसिनचा नळ खाकरला. आधी हवा. मग धो धो पाणी.

"किसन, नळ बंद कर बे!" घनश्यामभाऊ ओरडले.

किसनराव जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग उलट्या पावलांनी मागे आले.

आवाज जिन्यावर होता.

टण…

एक पायरी.

टण…

दुसरी.

सतरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला. मी मोजल्या नाहीत, पण एकही सुटली नाही एवढं सांगते.

हॉलच्या दारात तो थांबला. दार उघडंच होतं. तिथे कोणी नव्हतं. फक्त वास आला. बारवेच्या तळाचा, शेवाळाचा, ओल्या लोखंडाचा. मेच्या त्या उन्हात अंगावर काटा आला.

मग फरशीवर…

खर्र… खर्र…

तो टेबलाच्या कडेकडेनं जात होता. सावकाश. एकेका खुर्चीच्या मागून. ज्याच्या मागे पोहोचायचा, तो माणूस मान खाली घालायचा. साहेबांनी डोळे मिटले होते. नगराध्यक्षाबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

घनश्यामभाऊंच्या खुर्चीमागे तो थांबला.

"कोण हाये बे? काय तमाशा लावला?" त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आवाज मात्र चिरकला होता.



टप… टप… एवढंच. पाणी ठिबकल्यासारखं.

फरशी कोरडी होती.

 मग तेही थांबलं. खालचा नळ आपोआप बंद झाला. कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतला.

आणि मला जाणवलं… माझे हात ओले आहेत.

रजिस्टर ओलं होतं. पुठ्ठा नाही, बाकीची पानं नाहीत. एकच पान.

संघदीपनं ते माझ्या हातून घेतलं आणि उघडलं. त्यानं रकान्यांवरून बोट फिरवलं. मग वाचलं.

"राठोड फुलचंद. तीन मे… हजर."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. 'गैर' धुऊन गेलं होतं. तेवढंच. 'हजर' जसंच्या तसं. बॉलपेनची शाई पाण्यानं अशी जात नाही. करून बघा कोणीही.

पण मी ते पान पुन्हा स्वतःकडे ओढलं ते त्यामुळे नाही.

पुढचे कोरे रकाने भरलेले होते. चार मे, हजर. पाच मे, हजर. सहा, सात, आठ… थेट पंचवीस मेपर्यंत. एकही रविवार सुटला नव्हता.

अक्षर माझं होतं.

माझा 'ह' मला ओळखू येतो. मी ते लिहिलेलं नाही. कोणत्याही देवाची शपथ घालून विचारा.

"हे तू लिवलं!" घनश्यामभाऊ माझ्यावर धावून आले. "हिनंच केलं हे. हिले विकत घेतलं त्याईनं!"

आत्ता जिन्यावरून काय वर आलं, ते चौदा जणांनी ऐकलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. साहेबांनी डोळे उघडले आणि सभा तहकूब केली.

दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस. शासकीय अभिलेखात खाडाखोड केल्याबद्दल.

मला हसू आलं. खरंच. पहिली खाडाखोड त्यांनी माझ्याकडून करून घेतली होती, तेव्हा ती शिस्त होती.

मी उत्तर लिहिलं. चार पानी. गैरहजर मी लिहिलं, कोणी लिहायला सांगितलं, अर्ज कोणाच्या खिशात गेले, आवक क्रमांक काय होते. सगळं. शेवटी लिहिलं, 'हजर हे मी लिहिलेलं नाही, पण ते खरं आहे.' एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात दिली.

यवतमाळहून एक अधिकारी आले. अर्धा दिवस बसले, चहा प्यायले, रजिस्टर सील करून घेऊन गेले. चौकशी सुरू आहे. आजही सुरूच आहे. माझी बदली पांढरकवड्याकडे झाली. बारवेला लायटिंग लागली, स्टीलची नवी शिडी बसली. तिच्यावर नगराध्यक्षाबाईंच्या नावाची पाटी आहे.

एक माणूस मेल्यावर शिडी बसली. तीही उद्घाटन करून.

गाव सोडायच्या आधी मी तांड्यावर गेले. त्या चार पानांची एक प्रत लालीबाईला दिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. ती दारातच उभी राहून ऐकत होती. मला बस म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.

सभेत काय झालं तेही सांगितलं. वॉलचं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. गावभर कुजबुज झालीच होती.

मग न राहवून मी विचारलं, "लालीबाई, तुम्हाला दिसतो का तो? घरी येतो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतका राग मी कोणाच्या डोळ्यांत पाहिला नाही. त्यात एक थेंब पाणी नव्हतं.

"एक दिवसबी नाई आला," ती म्हणाली. "रोज दार उघडं ठेवतो मी. पोरीनं हाका मारल्या. नाई आला. तो तुमच्या ऑफिसातच हाये, ताई. अकरा वर्षं एक रजा नाई दिली त्याले. आता मेल्यावरबी घरी सोडून नाई राह्यले तुम्ही."



वॉर्ड चारच्या एका बाईचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. सहज बोलता बोलता म्हणाली, पाणी येतं ना ताई, बरोबर सहाला येतं. आता तर नवीन माणूसही लावला नाही म्हणे, कोण सोडतं देव जाणे.

मी फोन ठेवला.

लालीबाईला हे कसं सांगू?