पूजेच्या दिवशीची बोअरवेल

खंडेनवमीची सुट्टी, त्यामुळे सुखदा, तिचा धाकटा भाऊ ईशान आणि शेजारची सिद्धी सकाळपासून चुरमुरे-फुटाणे गोळा करत हिंडत होती. या दिवशी बेंगळुरात झाडून सगळी यंत्रं हार घालून गप्प बसतात. शेवटचा मुक्काम बाबांचं भूकंप केंद्र. बाबा मात्र अंदमानात होते, सर्वेक्षणासाठी समुद्रकाठीच तंबू ठोकून.

इथल्या भूकंपमापकाची सुई तेवढी पूजेलाही थांबत नसे. फिरत्या कागदावर तिनं आज धिंगाणा घातला होता. बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बोअरवेल’.

“अण्णा, हे काय?” सुखदानं विचारलं.

“शेजारी महिनाभर खोदतायत. रोजचंच आहे,” ड्यूटीवरचे रघुपती अण्णा म्हणाले. “प्रसाद घे. सरी? ठीक?”

“पण ती खोदायची लॉरी आज बंदच आहे,” ईशान तोंडातले फुटाणे चावत म्हणाला. “ड्रायव्हरनंच मला हे दिले. चाकांना बघा केवढे हार घातलेत!”

अण्णांचा हात डब्यातच राहिला.

बाबांनी शिकवल्याप्रमाणे सुखदानं कागदावरच्या दोन धक्क्यांमधलं अंतर मोजलं. “पावणेचार मिनिटं. म्हणजे भूकंप लांबचा ना?”

“बावीसशे किलोमीटर,” अण्णा पुटपुटले. दुसऱ्या केंद्राला फोन लावला, तर तिथंही भूकंपच. दोन्ही अंतरं त्यांनी नकाशावर जुळवली. सुमात्राजवळ समुद्रतळाचा एक भाग दुसऱ्याखाली सरकतो, तिथं मोठा हादरा बसला होता. लाट उठली असेल, तर अंदमानला पोचायला दीडेक तास. त्यातला पाऊण तास ‘बोअरवेल’नं खाल्ला होता.

“लायटनिंग कॉल लावा, तो सगळ्यांच्या आधी जोडून देतात,” सिद्धी म्हणाली. “माझे आजोबा मुंबईला तोच लावतात.”

पोर्ट ब्लेअर एंगेज. पुन्हा एंगेज. सुखदा रडत नव्हती, पण ईशानचा हात तिनं इतका घट्ट धरला होता की तो कळवळला. चौथ्या वेळी लाइन लागली. तिथून बाबांच्या तंबूंवर वायरलेसनं निरोप गेला. मग नुसती वाट पाहायची. प्रसादाला कुणी हात लावेना.

दुपारी फोन वाजला. पोर्ट ब्लेअरनं वायरलेस जोडून दिला होता.

“सुखदे, आम्ही सगळे टेकडीवर आहोत,” बाबांचा आवाज खरखरत होता. “तंबू लाटेत गेले बघ. एकूण एक. तुम्ही पोरांनी वाचवलंत.”

आता मात्र सुखदा हमसून हमसून रडली.

अण्णांनी पेन्सिल उचलली. ‘बोअरवेल’ त्यांनी खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, ‘चूक माझी. भूकंप ओळखला सुखदा, ईशान आणि सिद्धी यांनी.’ मग खाली सही केली.