शनिवारचा पाना

"पाना बिघडलाय," खिडकीतून आवाज आला.

कस्तुराने मान वर न करताच पाना आत घेतला. चाकांचे बोल्ट आवळायचा लांब दांड्याचा पाना तो. ठरलेला जोर भरला की 'कट्' वाजायचा. चिंचवडच्या त्या मोटारींच्या कारखान्यातले असे सगळे पाने तिच्याच खिडकीत तपासले जात. तिने तो यंत्राला लावून ओढला. कट्. काटा नऊवर, हवा तिथेच.

"पाना ठणठणीत आहे. तुमचा हात बिघडलाय."

"मग हात तपासा की."

तेव्हा तिने मान वर केली... आणि करायला नको होती, असं पुढे कितीदा तरी वाटलं तिला.

खिडकीपलीकडचा तो कोंडीराम, निघोजे गावचा, गाड्यांना चाकं बसवणारा. बैलगाडीचं ओझं करकचून बांधावं तसे बोल्ट आवळायचा. 'कट्' वाजल्यावरही वर एक हिसका.

"वाजलं की थांबायचं," ती म्हणाली. "जास्त ताणला की बोल्ट आतून थकतो. दिसत नाही, पण एक दिवस तुटतो."

"गाडी माणसांची हाय बाई. ढिली राहिली तर?"

नियमाने पाना महिन्यातून एकदा तपासायचा. कोंडीरामचा दर शनिवारी बिघडू लागला. एकदा पान्यासोबत हरभऱ्याचा डहाळा आला.

"आईनं दिलाय."

"कुणाला?"

"...खिडकीला."

कस्तुरा देहूरोडची, बौद्ध घरातली. मॅट्रिक होऊन कारखान्यात लागलेली घरातली पहिली मुलगी. वडील, भिवा, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. चूल तिच्या नोकरीवर पेटायची. आणि ती नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची होती.

फेब्रुवारीत कोंडीराम म्हणाला, "घरी सांगितलं तुझं. आबा तीन दिवस जेवले न्हाईत. चौथ्या दिवशी भाकरी मागितली... म्हणाले, कर."

ती हसली, मग समोरच्या तपासणीच्या कार्डावर टिपूस पडलं म्हणून पदराने कार्ड पुसत बसली.

त्याच महिन्यात चाचणीच्या गाडीचं चाक चढावर निखळलं. ड्रायव्हरचा पाय मोडला. कोंडीरामने आवळलेले बोल्ट तुटले होते, ताणून. चौकशीला कारखान्याचे मॅनेजर नानासाहेब बसले. प्रश्न एकच: चूक पान्याची की हाताची? पान्याची असेल, तर तपासणीच्या कार्डावर सही कस्तुराची होती.

त्यांनी कोंडीरामचा जबाब तिच्यापुढे सरकवला. 'पाना जादा जोर देत होता.'

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"व्हय." त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. "अगं, माझी नोकरी गेली तर खायाचं काय दोघांनी? तुझी काय... लग्नानंतर सोडायचीच हाय. आबांची तेवढीच अट, सुनेनं कारखान्यात जायाचं न्हाई. मी व्हय म्हणलो."

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?"

"आणि माझे बाबा?"

"त्यांचं... बघू की."

त्याला खरंच कळत नव्हतं. फसवणारा असता तर तिला निदान चिडता आलं असतं; हा तर तिला सुखात ठेवायला निघाला होता.

पाना सकाळपासून तिच्याच ताब्यात होता. बुडाशी एक स्क्रू. त्याला पाव वळसा दिला असता तर काटा दहावर गेला असता, कोंडीराम सुटला असता, वैशाखात लग्न झालं असतं. तिचं बोट स्क्रूवर बराच वेळ राहिलं. मग तिने ते काढून घेतलं.

तीन वाजता नानासाहेबांसमोर तिने पाना ओढला. एकदा, दोनदा, तीनदा.

"नऊ," ती म्हणाली. "पाना बरोबर आहे."

दारात उभ्या कोंडीरामने तिच्याकडे असं पाहिलं, जणू काटा तिने हाताने धरून ठेवला होता.

संध्याकाळी तो खिडकीशी आला. हात रिकामे.

"काढलं मला."

"कळलं."

"मग... आपलं?"

"तुम्ही मला आवडता, कोंडीराम," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि बोलताना तिला समोरचं काही दिसत नव्हतं. "उद्याही आवडाल. पण मी यायची नाही."

"कधीच?"

तिने नकारार्थी मान हलवली.

तो वळला, गेटपर्यंत चालत गेला. मग सायकल स्टँडवरच राहिल्याचं ध्यानात आलं. स्टँड तिच्या खिडकीसमोर. त्याला परत यावं लागलं, कुलूप काढावं लागलं... आणि ते सगळं दोघांना पुन्हा एकदा सोसावं लागलं, या वेळी न बोलता.