ताईचा डोळा लागला

दवाखान्यातून बाहेर पडताच ताई म्हणाली, "चल, जरा बागेत टेकू. मला आता त्या भिंती बघवत नाहीत."

धाकटी सकाळीच परगावाहून आली होती. तिची औषधाच्या दुकानातली नोकरी, सुट्टी मिळायची मारामार. त्यामुळे आंधळ्या बाबांचं सगळं आजारपण एकट्या ताईनेच काढलं होतं. रात्री त्यांच्या उशाशी बसायचं, दिवसा शाळेचे गणवेश शिवायचे. तिचे डोळे खोल गेले होते. चपला फरफटत होत्या.

समोरची बाग एके काळी राजाच्या शिकारीची. राजे गेले, शिकार संपली, हरणं राहिली. दगडी कमानींखाली, कारंज्याभोवती ती माणसांच्या पायांत मोकळी हिंडत. कुणाच्या हातात पुडी दिसली की थेट अंगचटीला येत.

दोघी एका बाकावर बसल्या. ऊन कलायला लागलं होतं.

"दोन दिवस घरी जाऊन झोप ना. मी बघते बाबांचं."

"त्यांना माझाच हात लागतो गं. दुसऱ्या कुणाचा चालत नाही." ताईने मान मागे टाकली. "नुसतं गवतात पडून राहावंसं वाटतं. कुणी हाक मारू नये."

एक हरिणी जवळ आली. दोघींचेही हात रिकामे होते, तरी ती हलेना. मग तिच्यामागून बाकीची आली. कुणी खायला मागेना, कुणी चरेना. बाकाला वेढा घालून ती बसली. पहिल्या हरिणीने ताईच्या मांडीवर मान टाकली. ताईचा डोळा लागला होता.

रखवालदार दूरच थबकला.

"बाई, त्यांना उठवा."

"झोपू दे हो जरा. किती दिवसांनी—"

"उठवा म्हणतो ना!"

पण तो स्वतः पुढे आला नाही.

धाकटीने खांदा हलवला. ताई उठली ती एका झटक्यात. चेहरा नितळ, पाठ ताठ. हलक्या पावलांनी ती चालू लागली.

ती हरिणी मात्र धडपडत उभी राहिली. पाय लटपटत होते. फाटकापर्यंत ती मागोमाग आली आणि गजांना मान लावून धापा टाकत राहिली.

"ही कधी फाटकापाशी येत नाहीत," रखवालदार पुटपुटला आणि त्याने घाईने कडी लावली.

धाकटीने एकदाच वळून पाहिलं. हरिणीच्या डोळ्यांतला शिणवटा तिला बघवेना.

दवाखान्यात ताई बाबांजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी तिची बोटं चाचपली. एकेक करून, सगळी. मग आपला हात हळूच चादरीखाली ओढून घेतला.

"ताई कुठाय?"

"ही काय बाबा, तुमच्याजवळच तर बसलीय."

बाबांनी मान हलवली.

"तिला घेऊन ये," ते म्हणाले. "दमली असेल ती."

ताई नुसती हसली.

धाकटीने तिचं मनगट धरलं. चेहरा शांत, श्वास संथ. कातडीखाली मात्र नाडी अशी सुसाट पळत होती की एक ठोका दुसऱ्यापासून वेगळा लागत नव्हता.