सातवा चेंडू

तीन यंत्रं, तीन तिपाया आणि तिन्ही कंपन्यांचा माल विकणारा, टाय घातलेला एक विक्रेता, एवढं सामान घेऊन मी सकाळी नऊला बोगद्यात शिरले. आमच्या कंपनीला चौदा किलोमीटरच्या नव्या बोगद्याची मोजणी मिळाली होती, त्यासाठी लेझर स्कॅनर घ्यायचा होता. कोणता घ्यायचा, ते मी ठरवणार होते. वीस वर्षं मोजणीत काढली आहेत मी, गुळगुळीत माहितीपत्रकं दाखवून मला कुणी गुंडाळू शकत नाही. तिन्ही यंत्रं एकाच जागी चालवायची, तेच ते मोजायचं आणि कोण किती खोटं बोलतंय ते बघायचं. काम तसं साधं होतं.

जागा साधी नव्हती. चाचणीसाठी हाच जुना बोगदा आमच्या साहेबानं निवडला. दोनशे मीटर सरळ, कोरडा, रहदारी नाही, ‘आदर्श जागा’ असं तो तोंड वर करून म्हणाला. चार वर्षांपूर्वी याच बोगद्यात, तोंडापासून बासष्ट मीटरवर, माझ्या दादाच्या डोक्यावर दगड पडला होता. दादाही मोजणीवालाच. मला हे काम त्यानंच शिकवलं. साहेब पेनाचं टोपण उघडत-मिटत माझ्याकडे बघत होता. विसरला वगैरे काही नव्हता तो. मी नाही म्हणते का, तेवढंच त्याला बघायचं होतं. मी हो म्हटलं.

दगड पडला, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बोगद्यात दगड पडतात. पण चौकशीच्या अहवालात साहेबानं लिहिलं, ‘मृताने हेल्मेट घातलेले नव्हते.’ का, तर हेल्मेट सापडलंच नाही. अहो, माझा दादा घरच्या गच्चीवर टाकी साफ करायला चढतानासुद्धा हेल्मेट घालायचा! वहिनी हसून हसून बेजार व्हायची. आणि आता नव्या माणसांना पहिल्या दिवशी साहेबच सुरक्षेचे धडे देतो, त्यात दादाचा फोटो दाखवतो, खाली ‘निष्काळजीपणा’ असं लाल अक्षरात. दरवर्षी उजळणीसाठी त्या वर्गाला मलाही बसावं लागतं. दरवर्षी तळपायाची आग मस्तकात जाते. मागच्या महिन्यात आईनं हळूच विचारलं, “खरंच नव्हतं का गं घातलं त्यानं?” आईला! आईलाही शंका यावी, इतकं चोख लिहिलंय त्या माणसानं.

असो. कामाला लागले. तिपाईवरचं यंत्र चार मिनिटांत स्वतःभोवती गोल फिरतं, किरण फेकतं आणि किरण जिथं आदळेल तिथला ठिपका टिपतं. असे कोट्यवधी ठिपके मिळून पडद्यावर अख्खा बोगदा उभा राहतो. एका जागेवरून घेतलेलं चित्र दुसऱ्या जागेवरच्या चित्राला जोडायचं तर ओळखीच्या खुणा लागतात. त्यासाठी आम्ही पांढरे चेंडू मांडतो. मी सहा मांडले, स्वतःच्या हातानं.

पहिल्या यंत्रानं सात दाखवले.

टायवाला हसला. “मॅडम, कुणाचं तरी पांढरं हेल्मेट पकडलं असणार.”

धंद्यातला जुना विनोद आहे हा. पांढरं आणि गोल दिसलं की सॉफ्टवेअरला तो चेंडूच वाटतो, मग एखादा मुकादम खूण होऊन बसतो. मीही हसले असते. पण आम्हा दोघांची हेल्मेटं पिवळी होती आणि बोगद्यात तिसरं कुणी नव्हतं.

मी आकडे उघडले. तोंडापासून बासष्ट मीटर. व्यास चेंडूपेक्षा बराच मोठा, बावीस सेंटीमीटर. जमिनीपासून उंची एक मीटर अठ्ठ्याहत्तर. दादाची उंची मला कुणी सांगायला नको. त्याच्या खांद्याला खांदा लावून तिपाया रोवल्या आहेत मी.

टॉर्च घेऊन तिथपर्यंत गेले. खडक, धूळ, भिंतीवर जुन्या मोजणीचा लाल रंगातला बाण. हवेत हात फिरवला. हवा ती हवाच होती, गार नाही की गरम नाही. परत आले आणि दुसरं यंत्र लावलं. कंपनी वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं. सात. तिसरं लावलं. सात.

मी वहीत तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले. बोगद्याच्या लांबीवरून त्या तीन यंत्रांचं भांडण होतं, काळ्या खडकावर तर एकाचा पार बोजवारा उडाला होता. सातव्या चेंडूच्या जागेवर मात्र तिघांचं मिलिमीटरच्या आत एकमत होतं.

“मॅडम, मागची भिंत बघा,” टायवाला म्हणाला.

किरणांना काही आडवं आलं की मागच्या भिंतीवर ठिपके पडत नाहीत, तिथं काळी सावली राहते. चेंडूमागं चेंडूएवढी सावली. सातव्या चेंडूमागची सावली भिंतीवरून थेट जमिनीपर्यंत आली होती. डोकं, खांदे, पाय. एक हात कोपरात वाकवून कपाळाशी नेलेला. वर बघताना दादा हेल्मेटची कड अशीच धरायचा.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. आधी त्याचाच आला. इथं उभा आहेस होय रे तू? आणि मी तिकडं त्या वर्गात बसून तुझा फोटो बघतेय? मग खऱ्या माणसाचा आला. मी साहेबाला फोन लावला आणि म्हटलं, “यंत्रांत घोळ आहे, तुम्ही स्वतः या.”

अकराला आला. डोक्यावर कोरं करकरीत पांढरं हेल्मेट. पडद्याकडं त्यानं एक नजर टाकली.

“कचरा आहे हा. पुसून टाक आणि अहवाल दे.”

“तिन्ही यंत्रांत एकच कचरा, साहेब?”

“तुझ्या डोक्यात कचरा आहे! त्या जागेचं खूळ घेऊन बसलीयेस तू.” मग टायवाल्याकडं वळून, “चालू कर रे ते. मी उभा राहतो तिथं. बघू कुठं राहतो हिचा चेंडू.”

तरातरा गेला आणि बासष्ट मीटरवर छाती काढून उभा राहिला. यंत्र चार मिनिटं फिरलं.

“सात!” टायवाला जवळजवळ ओरडलाच. “हे साहेबांचं हेल्मेट, मॅडम. सुटलो!”

मी उंची बघितली. एक मीटर अठ्ठ्याहत्तर. साहेब जेमतेम माझ्या कानापर्यंत येतो.

चित्र जवळ घेतलं. साहेब होता. पोट होतं, चष्मा होता, शर्टाच्या खिशातलं पेन होतं. चेंडू त्याच्या मागं होता, वीतभर अंतरावर. आणि साहेबाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. विरळ केस, दोन कान, मोकळी हनुवटी.

मी मान वर करून बोगद्यात बघितलं. पांढरं हेल्मेट चमकत होतं. पट्टाही आवळलेला होता.

दुसरं यंत्र लावलं. बोडकं डोकं. तिसरं लावलं. बोडकं डोकं.

“काय चाललंय तुमचं?” करत तो आला. तिन्ही चित्रं बघितली. दोनदा बघितली. मग दोन्ही हातांनी हेल्मेट गच्च दाबून धरलं.

“होतं,” तो म्हणाला.

“काय होतं?”

“त्याच्या डोक्यावर...”

“मोठ्यानं बोला!” माझा आवाज बोगद्यात घुमला. “वर्गात कसे मोठ्यानं बोलता, तसं बोला!”

“घातलं होतं त्यानं. फुटलं. मुदत संपलेला माल होता, मीच वाटला होता. लोक यायच्या आत मी उचललं.”

मी वही पुढं केली. “लिहा.”

त्यानं लिहिलं. खाली सही, तारीख. टायवाल्यानं साक्षीदार म्हणून सही केली. कागद फाडून मी आतल्या खिशात ठेवला. आईला दाखवायचा होता, आजच्या आज. वाटलं होतं, राग उतरेल. उतरला नाही.

“आता परत जाऊन उभे राहा,” मी म्हटलं.

“लिहिलं ना मी? आता कशाला?”

“चाचणी पुरी व्हायला नको?”

खरं तर मला दादा गेला का ते बघायचं होतं. साहेब पाय ओढत गेला. पहिलंच यंत्र लावलं. चार मिनिटं.

सात चेंडू. सातवा साहेबाच्याच उंचीवर. मागं एकच सावली, आखूड, पोटवाली.

दादा गेला होता. मला रडू फुटलं. टायवाल्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

“गेला का?” साहेबानं तिथूनच हाक मारली.

“गेला.”

“आणि माझं हेल्मेट? दिसतंय का आता?”

मी डोळे पुसून चित्र जवळ घेतलं. हेल्मेट होतं. पण ते त्याचं कोरं हेल्मेट नव्हतं. ते त्याला मोठं होत होतं, भुवयांपर्यंत खाली आलं होतं. माथ्यापासून उजव्या कानापर्यंत त्याला बोटभर रुंद तडा होता आणि तड्यातून डोकं दिसत होतं.

“दिसतंय, साहेब,” मी म्हटलं.

त्यानं सुस्कारा सोडला आणि तिथंच उभ्या-उभ्या हनुवटीखालचा पट्टा सोडायला घेतला.