लाल गाडीची बोंब

सटवाजी भिसे माणूस पारखायचा तो हळदीसारखा. कांडी मोडून, वास घेऊन, मगच भाव बोलायचा. उमेदीची वर्षं वसमतच्या अडत्याकडे गेली, त्यातून ही खोड लागली. आता लग्नाला गाडी पुरवायचा धंदा होता, तर नवरदेवांचीही त्यानं प्रतवारी करून ठेवली होती. घोड्यावर बसणारा हौशी, जीपमधून येणारा समजूतदार, आणि सटवाजीच्या लाल स्पोर्ट्स कारमधून येणारा सासऱ्याच्या जिवाला घोर.

ती गाडी त्यानं हैदराबादेहून जुनी आणली होती. दोनच शिटा, टप बसकं, आवाज वाघाचा आणि बँडमागची चाल गोगलगायीची. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, तिला हिंगोलीपासून वसमतपर्यंत मागणी. दोष एकच. कुलूप लावून उभी केली की तिचा कंपनीचा चोर-अलार्म मधूनच आपणहून बोंबलायचा. विकणाऱ्यानं बाकीचे दोष झाकले, हा मात्र स्वतःहून सांगितला होता. "अलार्म जरा पागल है, लेकिन कंपनी का है, रहने दो." दोष आपणहून सांगणारा व्यापारी सटवाजीनं तोवर पाहिला नव्हता. कौतुक वाटलं, आणि कौतुकापेक्षा थोडा जास्त संशय आला.

गेल्या महिन्यात एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत बोंब उठली. भटजी अडखळले, अंतरपाट धरणारे हसले, नवरीची आजी अपशकुन झाला म्हणून रडायला बसली. आणि आता दोन दिवसांवर सख्ख्या भाचीचं, प्रतिक्षाचं लग्न होतं, नरसीला, बहिणीच्या दारात. शकुबाईनं फोनवर बजावलं होतं, "दादा, नवरदेव तुझ्याच गाडीत येऊ दे. पण ती केकाटली ना, तर सासू माझ्या पोरीला जल्मभर ऐकवीन. लई शकुन पाहणारी बाई हाय."

म्हणून भर दुपारी सटवाजी कनेरगाव नाक्यावर आला. तिथं ढाब्यासमोर सेवा राठोडचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सेवा जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे हात चालले की तोंडही चालायचं.

"एक वायर तोडली की मुकी, काका."

"आन् चोरीला गेली तर?"

"ही चोरून चोर लपवीन कुठं? कापसाच्या गंजीत?"

सटवाजीला पटलं. पण न समजता एखादी गोष्ट टाकून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आधी हे सांग, ती बोंबलती काहून?"

सेवानं गाडीला कुलूप लावलं आणि बाहेरून काचेवर थाप मारली. तुटक तुटक पिप पिप झालं नि थांबलं. मग त्यानं सटवाजीला आत बसवून बाहेरून कुलूप लावलं, आणि डावीकडचं हँडल ओढायची खूण केली. सटवाजीनं ओढलं. लांबलचक, एकसुरी बोंब उठली.

"हीच ती!" तो बाहेर येऊन म्हणाला. "दर लग्नात हीच."

"मग कोणीतरी आतून दार उघडून राहिलं."

"आत कोण असणार रे?"

"पाल असंल."

"पाल हँडल ओढती व्हय?"

"एवढे नवरदेव उतरताना पाहिले तिनं. शिकली असंल."

दोघांनी गाडी धुंडाळली. शिटांखाली अक्षता आणि वाळलेला झेंडू. उंदराची लेंडीसुद्धा नाही. तेव्हा सटवाजीनं दुकानातला सुतळीचा तुकडा घेतला आणि डावीकडचं हँडल शिटेला बांधून टाकलं. गाठ पोत्याची, बाजारातली. ओढाल तेवढी आवळणारी. कुलूप लावून दोघं समोरच्या ढाब्यावर चहा घेऊन बसले. गरम वारा सुटला होता. वाशीमकडं एक ट्रक गेला. काचेतून दोन्ही रिकाम्या शिटा स्वच्छ दिसत होत्या. सटवाजीला भीती वाटत नव्हती. कांडी मोडण्याआधी आत रंग कसा निघतो याची लागते, तशी उत्सुकता लागली होती.

चहावर साय धरली. आणि बोंब उठली.

दारं बंदच होती. सुतळी तुटली नव्हती. गाठ सोडलेली होती, आणि सुतळी बोटांभोवती गुंडाळल्यागत नीट वेटोळं करून शिटेवर ठेवलेली होती.

सेवानं काचेवरचा हात काढून घेतला. तो म्हणाला, "काका, राहू द्या ही बोंब. चोराचं काय, चोर बाहेरून येतो..."



सटवाजीनं मनातल्या मनात तराजू धरला. एका पारड्यात सुतळीचं वेटोळं. दुसऱ्यात अंतरपाटामागं उभी भाची, तिच्या कानात ही बोंब, आणि सासूची नजर. असल्या मापात बोटभर सुतळीचं वजन ते किती भरणार?

"तोड," तो म्हणाला.

सेवानं वायर तोडली. पण सगळं काम त्यानं उजव्या दाराशी गुडघे टेकून केलं. डावीकडं गेला नाही.

लग्नादिवशी परण्या झोकात निघाला. गाडी चालवणाऱ्या सटवाजीच्या शेजारी नवरदेव हरीश, त्याचं बाशिंग टपाला घासत होतं. त्याची बहीण निता करवली, पण तिला गाडीत जागा कुठली? ती मागून जीपमध्ये येत होती, आणि जीप नाचणाऱ्या पोरांत अडकली होती. सटवाजीनं मांडवाबाहेर लिंबाखाली गाडी थांबवली. नवरदेव उतरला. शकुबाईनं त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं.

सटवाजीनं गाडीला कुलूप लावलं आणि कान देऊन उभा राहिला. बँड तेवढा वाजत होता. गाडी मुकी.

त्याला हलकं वाटलं. मामाची कामं पुष्कळ होती. तो आचाऱ्याकडं वळला.

थोड्याच वेळात शकुबाई तांब्या हातात घेऊनच आली. "दादा, अक्कल गहाण ठिवली का रे? लेकराला गाडीत कोंडून आलास!"

"कोणाला?"

"करवलीला! तू पाठ फिरवलीस, आन् बिचारी आतून दार उघडून उतरली. तशीच अनवाणी. मंग तिचे बी पाय धुतले, कुंकू लावलं. एवढ्या उन्हात पाय कसे गार, रांजणातल्या पाण्यागत!"

"शके," सटवाजी म्हणाला, "त्या गाडीला दोनच शिटा हायेत."

तेवढ्यात जीप येऊन थांबली. निता उतरली, हातात दिवा, गाल फुगलेले. "करवली दारात उभी, आन् कोणी पाणी बी विचारून न्हाई राहिलं! असा मान असतो व्हय तुमच्याकडं?"

शकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग हातातल्या तांब्याकडं.

"मंग मी कोणाला..."

"कुठंय ती?" सटवाजीनं विचारलं.

"आत नेली. प्रतिक्षापाशी बसवली."

बायका सगळ्या नवरदेव पाहायला मांडवात धावल्या होत्या. खोलीचं दार उघडं होतं. सटवाजी उंबऱ्यावर थांबला.

प्रतिक्षा गादीवर एकटीच बसली होती. तिचं मामाकडं लक्ष नव्हतं. ती कोणाचं तरी ऐकत असल्यागत मान कलती करून हसली. शालू सावरून भिंतीकडं थोडी सरकली. शेजारी जागा केली.

मग मेंदी दाखवायला तिनं उजवा हात पुढं केला.

हिरव्या बांगड्या एकेक करून, कोणी बोटानं सारल्यागत, मनगटावरून मागं सरकल्या.