शेवटचा परस

प्रश्न

कळंबला हायवेच्या कडेला सुगनचंद शेठचं पाईप-मोटारीचं दुकान आहे. पुढे गल्ला, मागे पायपांच्या थप्प्या, आणि वर माळ्यावर, वायरच्या भेंडोळ्यांच्या मधोमध, त्यांच्या मुलीचं टेबल. रिद्धी पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासाला मात्र तिला हाच माळा लागायचा. खाली बाप गिऱ्हाइकाला सांगत असायचा, की पाणी वर आणायचं काम माझं, ते खाली असायचं काम तुझ्या नशिबाचं. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं हसायचं.

रिद्धीचा प्रकल्प विहिरींचा होता. नाणेघाटाजवळच्या घाटघरपासून खाली बोरी बुद्रुक आणि कळंबपर्यंत विहिरींचं पाणी आठवड्याला मोजायचं आणि उन्हाळ्यात कुठे किती उरेल ते सांगायचं. खालच्या विहिरी ती स्वतः टेपनं मोजायची. घाटघरच्या पाच विहिरी सोपान मोजायचा. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा, आणि ओला झालेला दोर परसात सांगायचा. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सोपानच्या दोराला परसापरसावर गाठ होती. रिद्धी त्याचे मीटर करून घ्यायची.

घाटघरला पाऊस असा पडतो की माणसाला माणूस दिसत नाही, आणि एप्रिलात बायका हंडे घेऊन घाट उतरतात. सगळं पाणी कड्यावरून निघून जातं. यंदा वाडीला एक सोलर पंप मंजूर झाला होता. एकच. तो कोणत्या विहिरीवर बसवायचा हे ग्रामसभेत ठरणार होतं, आणि सरपंचांनी रिद्धीला सांगून ठेवलं होतं, "ताई, तुमचा कॉम्प्युटर म्हनंल तिथं."

चुकीच्या विहिरीवर बसला तर वाडीचा उन्हाळा कोरडा. तो निर्णय आता तिच्या माळ्यावर येऊन बसला होता.

आणि कॉम्प्युटर काहीच म्हणत नव्हता. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं मॉडेल लिहिलं होतं. ते चालवलं की लाल अक्षरात एरर यायची. तेव्हा तिनं सगळे करतात तेच केलं. वापरणाऱ्यांच्या मंचावर, इंग्रजीत, प्रश्न टाकला.

उत्तरं

पहिल्यानं लिहिलं, एवढा डेटा कोण बघणार, छोटा नमुना द्या.

दुसऱ्यानं लिहिलं, हे आधी विचारून झालंय, शोधा.

रिद्धीला याची सवय होती. मंच म्हणजे चावडी. आधी चार टोमणे, मग उत्तर.

तिसरा भागू होता. नाव रोमन लिपीत, फोटो नाही, गाव नाही. त्यानं लिहिलं:

    तारखा मजकूर म्हणून वाचल्या जातायत, म्हणून एरर येते.
    करून दाखवतो. मनानं पाच आकडे घेतलेत:
    साडेपाच, दोन, चार, दीड, साडेतीन.
    आणखी एक. पश्चिमेच्या विहिरी सगळ्या एकेका परसानं
    कमी भरतायत. मोजणाऱ्याला विचारा, तो परस कोणाचा.

तारखा दुरुस्त केल्या तशी एरर गेली. रिद्धीनं उत्तर स्वीकारल्याची हिरवी खूण दिली, आभार मानले, आणि खाली जाऊन चहा घेतला. अर्ध्या कपावर तिच्या लक्षात आलं, की आपण प्रश्नात सगळं मीटरमध्ये दिलं होतं. परस हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

तिनं वर येऊन पुन्हा बघितलं. नव्हता.

असेल कोणी इकडचाच, ती म्हणाली. जुन्नरची पोरं कुठे कुठे आहेत.

मुद्दा मात्र बरोबर होता. घाटघरच्या पाचही विहिरी मॉडेलच्या रेषेखाली होत्या, आणि सगळ्या सारख्याच अंतरानं. तिनं सोपानला फोन लावला. तो हसला.

"ताई, खालची एक गाठ आमी मोजतच न्हाई."

"का?"

"त्यो परस आसरांचा, पान्यातल्या देवींचा. त्यांचं पानी आपुन कसं मोजायचं?"

रिद्धीनं हे रात्रीच्या जेवणात सांगितलं. बाप म्हणाला, आता आसरांनाही मोटार विकावी लागणार. तिची आजी, जिला घरात सगळे बाई म्हणत, हसली नाही. उगमबाई आजही पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि फडक्यात राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायला जायची.

"त्यात काय," ती म्हणाली. "ज्याचं त्याला ठेवायचं."

टिप्पण्या

पुढच्या मोजणीला सोपाननं शेवटची गाठही धरली. त्याच्या आईला, कुशाबाईला, विचारून. ती म्हणाली होती, मोज, पर काढायचं न्हाई. त्यानं फोनवर आकडे सांगितले आणि रिद्धीनं ते थेट कॉम्प्युटरवर भरले. शाळेची विहीर साडेपाच. देवळाची दोन. चार. दीड. आणि कुशाबाईच्या भातखाचरातली, साडेतीन.

शेवटचा आकडा भरताना तिला काहीतरी आठवलं.

भागूचं उत्तर तिनं शेजारी उघडलं. तेच पाच. त्याच क्रमानं.

तिनं याची शक्यता काढली. फार लहान निघाली. लहान म्हणजे शून्य नव्हे, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिनं खिडकी उघडली, हायवेवरून जाणारा कांद्याचा टेम्पो बघितला, आणि मग त्याच्या उत्तराखाली लिहिलं, हे आकडे तुम्ही कुठून घेतले?

    मनानं लिहिले. नमुन्याला कोणतेही आकडे चालतात.

तुम्ही जुन्नरचे का?

    विहिरी सगळीकडे सारख्याच. माझीही अडचण कोणीतरी
    इथंच सोडवली होती. तेव्हापासून सकाळी बसतो उत्तरं द्यायला.

यात भिण्यासारखं काही नव्हतं. उलट तिला बरं वाटलं. कोणीतरी आपल्या बाजूनं बसलंय असं.

दुसरा प्रश्न

मॉडेल आता चालत होतं, पण कौल देत नव्हतं. मेअखेर शाळेच्या विहिरीत पाणी राहील की खाचराच्या, यावर ते दोन्हीकडे मान हलवत होतं. ग्रामसभा तोंडावर आली. तिनं पुन्हा प्रश्न टाकला, अंदाजाची पट्टी इतकी रुंद का येते म्हणून. भागूनं नीट समजावलं, आणि शेवटी:

    मेअखेर असं समजा:
    शून्य, शून्य, शून्य, शून्य, दोन.

तिनं आभार मानले. त्यावर त्याचं काही आलं नाही.

ग्रामसभेत रिद्धीनं खाचराच्या विहिरीचं नाव घेतलं. आकडे दाखवले ते स्वतःच्या मॉडेलचे. त्यात त्या विहिरीचं पारडं केसभर जड होतं, एवढं खरं. तो केस कोणी ठेवला, ते तिनं सांगितलं नाही.

लोक चकित झाले. शाळेची विहीर बांधीव, खोल, अन् पंप चिखलातल्या खड्ड्यावर? गेणू नावाचा एक म्हातारा मागून म्हणाला, "कुशाबाई, आता तू आमाला पानी इकत देनार का?"

"फुकट देईन की," कुशाबाई म्हणाली. "हंडा तेवढा घासून आन. तुझ्या हंड्याला हात लावायचं भ्या वाटतं."

सभा हसली आणि ठराव झाला. कुशाबाईनं एकच अट घातली. मोटार तळापासून एक परस वर टांगायची. मोटार रिद्धीच्या बापाच्या दुकानातलीच होती. त्यानं स्वतः येऊन ती तेवढी वर बांधली. परतताना गाडीत म्हणाला, चांगली माणसं आहेत.

स्वीकारलेलं उत्तर

मे संपत आला तेव्हा रिद्धी घाटघरला गेली. करवंदं सरत आली होती, कातळ तापून वास येत होता. शाळेच्या विहिरीत तळाचे दगड दिसत होते. देवळाच्याही. बाकी दोन्ही तशाच, फुफाटा.

खाचराच्या विहिरीत दोन परस. सकाळी वाडी पाणी भरायची, वरचा परस संपायचा, आणि दुपारपर्यंत तो पुन्हा भरायचा. कुठून, ते सोपानला सांगता येईना. "तुमी सांगा ताई, तुमचं शास्त्र हाय." बायका यंदा घाट उतरल्या नव्हत्या. कुशाबाईनं तिला नाचणीची भाकरी आणि तांब्याभर पाणी दिलं. पाणी इतकं गार होतं की दात दुखले. इतकं गोड काही आपण प्यायलो नाही, असं रिद्धीला वाटलं.

प्रकल्प उत्तम झाला. तिला पुण्यातच पुढच्या कामाची विचारणा झाली. ती माळ्यावर बसून सकाळी मंच उघडायला लागली, आणि एके दिवशी, आपल्याला येतंय असं वाटून, तिनं एका नवख्याला उत्तर दिलं. मग दुसऱ्याला. "आमची पोरगी मास्तरीण झाली," बाप खालून गिऱ्हाइकाला सांगायचा, "फुकटची." तिला फार छान वाटायचं.

एका डोंगरी देशातल्या मुलीचा प्रश्न आला. देश नकाशात शोधावा लागला. तारखा वाचल्या जात नव्हत्या. रिद्धीला हसू आलं. तिनं सावकाश, टोमणा न मारता समजावलं, आणि करून दाखवायला मनानं पाच आकडे घेतले. चार, दीड, दोन, तीन, शून्य.

हिरवी खूण आली. आभार आले.

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं उत्तराखाली लिहिलं:

    आज आमच्या चार झऱ्यांची मोजणी झाली. तुमचेच आकडे आले,
    तुमच्याच क्रमानं. पाचवा झरा अजून मोजलेला नाही, उद्या
    मोजू. तो माझ्या आईच्या अंगणात आहे, गावात तेवढाच
    पिण्याचा. तुम्ही तिथं शून्य लिहिलंय. कुठून घेतलंत?

खाली बाप कोणाला तरी पाईप मोजून देत होता.

रिद्धीनं लिहिलं, मनानं लिहिले. नमुन्याला कोणतेही आकडे चालतात.

लिहून झाल्यावर ते वाक्य तिनं ओळखलं.

दुरुस्ती

तिनं भागूचं जुनं उत्तर उघडलं. मेअखेरचं. त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरात होतं, दुरुस्त केलं. मंचावर हे असतंच. दाबलं की आधी काय लिहिलं होतं ते दिसतं. तिनं आजवर दाबलं नव्हतं.

दाबलं.

आधीचं होतं: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

दुरुस्तीचं कारण एका ओळीत लिहावं लागतं. त्याशिवाय मंच दुरुस्ती घेत नाही. भागूनं मराठीत लिहिलं होतं. त्याच्या सगळ्या लिखाणात पूर्ण मराठी एवढंच.

    एक आसरांचा. एक माझा.

त्यानंतर मंचावर त्याचं काही नव्हतं. कुठेच, कोणाला.

खिडकीतून ऊन भेंडोळ्यांवर आलं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि तिला भीती वाटत नव्हती, हे तिचं तिलाच नवल वाटलं. तिला कुशाबाईचा तांब्या आठवत होता.

तिनं आपलं उत्तर दुरुस्तीला उघडलं. शून्य पुसलं. दोन लिहिलं.

कारण, मंचानं विचारलं.

तिनं भागूचीच ओळ लिहिली.

मंचानं घेतलं.

ती जिना उतरून मागे स्वयंपाकघरात गेली. बाई पिंपावर फडकं बांधून पाणी गाळत होती. रिद्धीनं पेला भरून घेतला आणि उभ्यानंच संपवला. मग आणखी एक.

"हळू," बाई म्हणाली.

तिसरा.

बाईनं गाळणं थांबवलं. रिद्धीनं चौथा पेला पुढे केला. तिचे ओठ अजून कोरडेच होते.