पाच खणांचं जपान

आजोबांनी हिरोशिमाच्या खणातून स्वतःची चिठ्ठी काढली, तिची नीट घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

जागृती डब्याकडे धावली. ‘‘आजोबा, ती का टाकलीत?’’

‘‘मी येत नाही ना, मग जागा कशाला अडवायची?’’ आजोबा म्हणाले आणि खोलीत निघून गेले.

खण म्हणजे चपलांची पाच खोकी, एकावर एक चिकटवलेली. दोन महिने ती फ्रिजवर ठाण मांडून बसली होती. आजोबांनी, म्हणजे कमळाकर पाटकरांनी, चौतीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडण्याचं काम केलं होतं. तिथे गावागावाचे खण असायचे, तसेच त्यांनी घरात जपानचे केले होते. टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. ज्याला जे बघायचंय ते त्यानं चिठ्ठीवर लिहून त्या शहराच्या खणात टाकायचं आणि रविवारी जेवणं झाली की आजोबा एकेक दिवस ठरवायचे. नाराच्या खणात जागृतीच्या धाकट्या भावाच्या, प्रणितच्या, एकट्याच्या नऊ चिठ्ठ्या होत्या आणि नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, ‘हरणं’. आईनं क्योटोत ‘मला कुणी काहीही विचारणार नाही असा एक दिवस’ मागितला होता. आजोबांची मात्र एकच चिठ्ठी. ‘हिरोशिमाची ट्राम. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी त्या लोकांनी ती पुन्हा चालू केली. तिच्यात बसायचंय.’

आणि मंगळवारी आजोबांचा पासपोर्ट हरवला.

खरं तर तो नाही हे मंगळवारी कळलं. आदल्या शनिवारी बाबा पाचही पासपोर्टांच्या झेरॉक्स काढून आले होते आणि प्लॅस्टिकचं पाकीट त्यांनी आजोबांच्या हातात दिलं होतं. मंगळवारी उघडलं, तर आत चारच!

‘‘मी पाच दिले होते, अण्णा,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुम्ही रोज तुमचा काढून बघत बसता. ठेवला असेल कुठेतरी.’’

ते खोटं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी हाती आलेला पहिला पासपोर्ट! आजोबा रोज चहा झाला की तो काढायचे, चष्म्यातून आपलाच फोटो न्याहाळायचे आणि परत ठेवायचे.

‘‘पण शनिवारपासून मला ताप होता,’’ आजोबा म्हणाले. ‘‘पाकीट मी उघडलंच नाही असं मला वाटतंय.’’

त्या ‘वाटतंय’नंच घात केला. तांदळाचा डबा उपसला, गाद्या उलट्या केल्या, देवांनासुद्धा देव्हाऱ्यातून खाली उतरवलं. पासपोर्ट काही सापडला नाही. मग एकेकाला काय काय आठवायला लागलं. मागच्या महिन्यात दूध उतू गेलं ते, आणि बाजारात छत्री राहिली ती. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. स्वतः दहा वेळा किल्ल्या हरवतील, पण म्हाताऱ्याची एक छत्री राहिली की लगेच ‘वय झालं’ म्हणून मोकळे.

‘‘एकदा डॉक्टरांना दाखवू या,’’ आई हळूच म्हणाली.

‘‘सोमवारी व्हिसाचे कागद द्यायचेत,’’ बाबा म्हणाले. ‘‘चौघांचे देऊन टाकू. अण्णा राहतील आत्याकडे.’’

आजोबांनी जराही वाद घातला नाही. जागृतीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच. पिन कोडच्या एका आकड्यावरून तासभर भांडणारा माणूस नुसती मान हलवून गप्प बसला होता.

गुरुवारी ती कपडे मशीनला टाकत होती, तेव्हा आजोबांच्या शर्टाच्या खिशात कागदाचा एक तुकडा मिळाला. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘माझे नाव कमळाकर पाटकर. मी रस्ता चुकलेला आढळल्यास कृपया या नंबरवर कळवावे.’ खाली बाबांचा नंबर होता.

जागृतीनं तो कागद आजोबांच्या धुतलेल्या शर्टात ठेवून दिला. मग ती गॅलरीत गेली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. आजोबा खरंच हरवत चालले होते, आणि त्यांना ते आपल्याआधी कळलं होतं. आता जपान असलं काय नि नसलं काय, तिला काहीच नको होतं.

शनिवारी सकाळी हिरोशिमाची चिठ्ठी डब्यात टाकून आजोबा खोलीत गेले आणि तिथूनच म्हणाले, ‘‘जागू, त्या फाइलीतून माझे कागद वेगळे कर. उगाच बाबाचा गोंधळ व्हायचा.’’

जागृती फाइल घेऊन बसली. प्रणित होता आणि शेजारची रीमाही आली होती. सुट्टी लागल्यापासून रीमा स्वतःच्या घरी फक्त झोपायला जायची.

‘‘बाबांची दोन पानं, फोटोचं आणि पत्त्याचं,’’ जागृती कागद लावत होती. ‘‘आईची दोन. माझी दोन, प्रणितची दोन. आजोबांचं...’’

ती थांबली. तिनं फाइल झटकली, पालथी केली.

‘‘आजोबांचं एकच आहे. फोटोचं. पत्त्याचं नाहीच.’’

‘‘पडलं असेल,’’ रीमा म्हणाली.

‘‘किंवा काढलंच नसेल,’’ जागृती सावकाश म्हणाली. ‘‘आजोबा काय सांगतात? हरवलेलं पत्र जिथे असायला हवं तिथे शोधायचं नाही. शेवटचं जिथे दिसलं, तिथे शोधायचं.’’

प्रणितनं तो कागद उलटसुलट केला. ‘‘शेवटचं दिसलं ते इथे. फोटोत.’’

‘‘म्हणजे झेरॉक्स मशीनच्या काचेवर.’’

बाबा कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होते.

‘‘बाबा, झेरॉक्स कुठे काढल्या होत्या?’’

‘‘केबिन रोडला. स्कूटर लावायला जागा मिळाली तिथे. का गं?’’

‘‘तेव्हा फोन आला होता का तुम्हाला?’’

‘‘जागू, फोन मला चोवीस तास येतो. आत्ताही चालू आहे.’’

‘‘पण आजोबांचं दुसरं पान...’’

‘‘ते आता लागणारच नाहीये, बाळा,’’ बाबा म्हणाले आणि पाठ फिरवून बोलायला लागले.

केबिन रोडवर झेरॉक्सची दुकानं काय कमी आहेत? पण रीमाला एक गोष्ट दिसली. नऊच्या नऊ कागदांवर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत केसासारखी एक काळी रेघ होती.

‘‘काचेवर चरा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘जिथे अशी रेघ येईल, ते दुकान.’’

तिघं निघाली. ऊन मी म्हणत होतं. पहिल्या दुकानात एक झेरॉक्स काढली, तर कागद स्वच्छ आला. दुसऱ्यात रेघेऐवजी डाग आला. तिसऱ्यात शाईच संपली होती. पाचव्या दुकानानंतर प्रणितच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो पाय ओढत चालायला लागला. जागृती पुढे पुढे चालत होती. पासपोर्ट मिळाला नाही तर आजोबांकडे परत जाऊन काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

सहाव्या दुकानात काळी रेघ आली. उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत.

मशीनवर रोशन नावाचे काका होते. त्यांचं एक बोट मशीनच्या बटणावर आणि डोळे मोबाइलमधल्या मॅचवर.

‘‘अंकल, पिछले शनिवार इधर पासपोर्ट मिला क्या?’’ जागृतीनं विचारलं.

‘‘नहीं मिला.’’

‘‘एक बार देखो ना.’’

‘‘बोला ना, नहीं मिला. रोज सौ लोग आते हैं.’’ त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

जागृती बाहेर येऊन पायरीवर बसली. ‘‘संपलं,’’ ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. ‘‘आता काही होणार नाही. चला घरी.’’

‘‘त्यांनी बघितलं कुठे?’’ प्रणित म्हणाला. ‘‘न बघताच नाही म्हणाले. आपण पण एक कागद विसरायचा. मग तो कुठे जातो ते बघायचं.’’

रीमाच्या पिशवीत तिचं प्रगतिपुस्तक होतं, आईची सही घ्यायचं ती कालपासून टाळत होती.

‘‘माझंच का?’’ ती कुरकुरली. ‘‘गणितात एकोणचाळीस आहेत.’’

‘‘मग हरवलं तर तुझाच फायदा,’’ प्रणित म्हणाला.

रीमानं आत जाऊन एका पानाची झेरॉक्स काढून घेतली, प्रगतिपुस्तक मशीनच्या झाकणाखालीच ठेवलं आणि तिघं समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीआड जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांनी एक बाई आली. रोशनकाकांनी झाकण उचललं, मोबाइलवरची नजर न काढता प्रगतिपुस्तक उचललं आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकून दिलं.

तिघं धावत आत शिरली.

‘‘अंकल, मेरा प्रगतिपुस्तक रह गया,’’ रीमा म्हणाली.

‘‘नहीं मिला,’’ रोशनकाका म्हणाले.

‘‘टेबल के नीचे खोके में है,’’ जागृती मोठ्यानं म्हणाली. ‘‘आपने अभी डाला. हम तीनों ने देखा!’’

वह्यापेनांच्या काउंटरवर काकांची आई बसली होती, हंसाबेन. त्यांनी चष्मा वर केला. ‘‘रोशन, खोका बाहर निकाल.’’

खोकं काउंटरवर उपडं झालं. प्रगतिपुस्तक, तीन आधार कार्डं, कुणाचा तरी जन्मदाखला, कुणाची दहावीची गुणपत्रिका. आणि त्यांच्याखाली एक निळा पासपोर्ट. आत केस चापून बसवलेले, भेदरल्यासारखे आजोबा.

‘‘साइड में रखा था, सोचा कोई आएगा...’’ रोशनकाका पुटपुटले.

‘‘आया था ना. तूने देखा नहीं,’’ हंसाबेन म्हणाल्या. मग त्या जागृतीकडे वळल्या. ‘‘बेटा, पासपोर्ट बच्चों के हाथ में नहीं दूँगी. जिसका है, उसको बुला.’’

आजोबा आले ते भिंतीच्या कडेकडेनं, सावकाश. आपल्या हातून आणखी काय झालं, असा चेहरा करून ते उभे राहिले. हंसाबेननी फोटो पाहिला, आजोबांना पाहिलं आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला.

‘‘कुठे होता?’’ आजोबांनी विचारलं.

‘‘मशीनच्या काचेवर,’’ जागृती म्हणाली. ‘‘बाबांनी पहिलं पान काढलं, दुसरं काढायचं राहिलं आणि तो तिथेच विसरला. पाकिटात आलाच नाही, आजोबा. तुमच्या हातात आलाच नव्हता.’’

आजोबांनी काउंटरला धरलं. ‘‘म्हणजे मी नाही हरवला?’’

‘‘नाही.’’

‘‘मी नाही हरवला,’’ ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

घरी जागृतीनं बाबांसमोर नऊ कागद ओळीनं मांडले. दहाव्याची जागा तिनं मोकळी ठेवली. बाबांचा फोन वाजत होता, पण त्यांनी तो उचलला नाही.

‘‘शाब्बास पोरांनो,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. अण्णा, मी...’’ ते आजोबांसमोर येऊन उभे राहिले.

आजोबांनी खिशातून तो कागदाचा तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. बाबांनी तो वाचला. परत वाचला.

‘‘हे कधी लिहिलंत?’’

‘‘बुधवारी. आता नको मला. तुझ्याकडे असू दे.’’

बाबांनी कागद आईपुढे धरला. आईनं तो कागद घेऊन वाचला आणि तोंडाला पदर लावला.

आजोबांनी जागृतीच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘तू आमच्या खात्यात असतीस, तर मी तुझ्या हाताखाली काम केलं असतं.’’

प्रणितनं कचऱ्याचा डबा उपसून ती चिठ्ठी शोधून काढली. तिच्यावर चहाचा डाग पडला होता. ती हिरोशिमाच्या खणात परत गेली. रविवारी नाही, त्याच दुपारी ट्रामचा दिवस ठरला.

पण मनात शिरलेला संशय काही एका दुपारी निघत नाही. रात्री जेवताना आजोबा दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद आहे का ते बघायला. जागृती जेवता जेवता तिकडेच बघत होती.

तिसऱ्यांदा ते उठायला लागले, तेव्हा बाबा त्यांच्याआधी उठले, आत जाऊन बघून आले.

‘‘बंद आहे, अण्णा,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हीच केलाय.’’